आठ जणांचा मंच, चार रात्रींची कमाई : मुंबईतल्या एका ऑर्केस्ट्रा बारचा हिशेब

ऑर्केस्ट्रा बार म्हणजे मंचावर गाणं-वादन चालतं तो दारूचा बार. त्याच्या मंचावर एका वेळी आठच कलाकार उभे राहू शकतात. मुंबईतल्या या धंद्यातली बहुतेक भांडणं, लपवाछपवी आणि कर्जं या एका आकड्यापाशी येऊन थांबतात. या शहरात जागा महाग आहे हे सांगायला कुणी लागत नाही. पण बारमधली सगळ्यात महाग जागा रस्त्यालगतच्या गाळ्याची नसते. ती त्या मंचावरची असते. पालिका जसा चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल तो आकडा, ठरवते आणि त्यातून जमिनीचा भाव ठरतो, तसा इथे परवाना कलाकारांचा आकडा ठरवतो आणि त्यातून उभं राहण्याचा भाव ठरतो.

इथे उपनगरातल्या मध्यम आकाराच्या एका बारचा महिन्याचा हिशेब मांडला आहे. त्यातल्या रकमा कुठल्याही एका बारच्या वहीतून उचललेल्या नाहीत. कुणाच्या खिशातून काय जातं हे दिसावं म्हणून त्या धरलेल्या आहेत. कायदे, तारखा आणि कर मात्र जसे आहेत तसे.

आधी हा आठाचा आकडा कुठून आला ते पाहू.

मार्च २००५ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्स बार बंद करण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून मुंबई पोलीस कायद्यातली ३३-अ आणि ३३-ब ही नवी कलमं लागू झाली. परमिट रूम आणि बिअर बारमध्ये नाच बंद झाला. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट मिळाली. १२ एप्रिल २००६ ला मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली. लहान बारमध्ये जे अश्लील ते मोठ्या हॉटेलात चालतं कसं, हा त्यातला कळीचा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ ला तो निकाल कायम केला. मधली सात वर्षं अपील पडून असल्यामुळे बंदीच चालू राहिली. २०१४ मध्ये सरकारने कायदा बदलून मोठ्या हॉटेलांची सूटही काढून घेतली, त्या दुरुस्तीला ऑक्टोबर २०१५ मध्ये स्थगिती मिळाली आणि २०१६ मध्ये अश्लील नृत्य प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा आला. मंच किमान १० बाय १२ फुटांचा, कडेने ३ फूट उंच कठडा, कठड्यापासून पहिल्या खुर्चीपर्यंत ५ फूट अंतर, एका वेळी चारच नर्तकी, वेळ संध्याकाळी ६ ते रात्री ११.३०, असं सगळं त्या चौकटीत मोजून दिलं होतं. १७ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या बऱ्याच अटी काढून टाकल्या. सीसीटीव्हीची सक्ती गेली, शाळा-देवळांपासून एक किलोमीटर अंतराची अटही गेली. वेळेचं बंधन राहिलं. नोटा उधळण्यावरची बंदीही राहिली. टीप हातात द्यायला मात्र मोकळीक मिळाली.

एवढ्या निकालांनंतरही धंदा नाचाच्या परवान्याकडे फारसा वळला नाही. तो चालतो ऑर्केस्ट्राच्या परवान्यावर. तो परवाना मिळतो १९६० च्या सार्वजनिक करमणुकीच्या नियमांखाली, आणि त्या नियमांच्या लांबलचक नावात ‘मेळे आणि तमाशे’ हे शब्दही आहेत. म्हणजे फडावरच्या बाईला आणि बारमधल्या बाईला कागदोपत्री एकच छत्र. याच परवान्यात चार बाया आणि चार पुरुष अशी मर्यादा होती. १८ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने स्त्री-पुरुषांचं प्रमाण ठरवून देणारी ही अट रद्द केली. एकूण आठांची मर्यादा तेवढी ठेवली. आता आठही बाया असू शकतात, आठही पुरुष असू शकतात.

न्यायाच्या दृष्टीने निकाल सरळ आहे. हिशेबाच्या दृष्टीने त्याने मंचावरच्या आठ जागांचं आरक्षण उठवलं.

आता बारकडे वळू. पन्नासेक खुर्च्या, महिन्याला २६ रात्री. मंचावर कीबोर्डवाला, ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य वाजवणारा ऑक्टोपॅडवाला, एक पुरुष गायक आणि पाच बाया, असे आठ. वर्तमानपत्रं त्यांना बारबाला म्हणतात, परवान्यात त्या कलाकार असतात, बारमध्ये सगळ्या ‘सिंगर’. पाचांपैकी एखाद-दोघी खरंच गातात. बाकीच्या माइक हातात धरून ओळखीच्या गिऱ्हाइकाकडे बघत उभ्या असतात. हेही काम आहे आणि ते सोपं नाही.

मालकाचा महिन्याचा ठरलेला खर्च असा धरू : जागेचं भाडं ३,५०,०००, दारूचा एफएल-३ परवाना, करमणुकीचा परवाना, अग्निशमन आणि आरोग्य खात्याचे दाखले मिळून वर्षाच्या खर्चाचा बारावा भाग १,००,०००, मॅनेजर, कॅशियर, वेटर, आचारी, दारवान धरून बारा माणसांचे पगार २,६०,०००, वीज आणि एसी ९०,०००, दोन वादक आणि गायक यांना प्रत्येकी रात्री १,२०० प्रमाणे ९३,६००, साउंडची दुरुस्ती, सीए, वकील असं किरकोळ ७०,०००. एकूण ९,६३,६००. म्हणजे शटर वर जायच्या आधीच रात्रीला सुमारे ३७,०६२ रुपये गेलेले असतात.

या यादीत एक ओळ मुद्दाम लिहिलेली नाही, कारण ती कुणाच्याच वहीत नसते. मार्च २०२१ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तपदावरून नुकत्याच हटवलेल्या अधिकाऱ्याने मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात आरोप केला होता की शहरातल्या सुमारे १,७५० बार आणि रेस्टॉरंटांकडून दरमहा प्रत्येकी २ ते ३ लाख घेतले तर ४० ते ५० कोटी जमतील, असा हिशेब तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी मांडला होता. त्या मंत्र्यांनी आरोप फेटाळला. आरोप खरा की खोटा हा वेगळा विषय. इथे नोंद एवढ्यासाठी की वरच्या यादीत २ लाखांची आणखी एक ओळ घातली तर खालचा सगळा नफा पुसला जाऊन बार तोट्यात जातो.

जमेची बाजू. रात्रीला सरासरी ४५ गिऱ्हाइकं, माणशी कर सोडून १,६०० चं बिल : ७२,०००. दारू आणि खाण्याचा माल ४५ टक्के, म्हणजे ३२,४००. उरले ३९,६००. त्यातून ३७,०६२ गेले की शिल्लक २,५३८ रुपये. एका रात्रीला, एवढ्या सगळ्या उठाठेवीनंतर. कर यात धरलेले नाहीत, पण गिऱ्हाइकाच्या खिशावर त्यांचा भार पडतोच. दारू जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे बिलाचे दोन भाग होतात, खाण्यावर जीएसटी आणि दारूवर व्हॅट. परमिट रूमवरचा हा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. पुढे परवाना शुल्कात १५ टक्के वाढ आणि २०२५ मध्ये विदेशी मद्याच्या उत्पादन शुल्कातली मोठी वाढ यांमुळे १४ जुलै २०२५ ला हॉटेल-बार मालकांच्या संघटनेने राज्यभर बंद पुकारला होता. पेगचा भाव वाढला की गिऱ्हाईक एक पेग कमी पितो, किंवा टीप कमी देतो. बहुतेक दुसरंच करतो.

आणि बारचा नफा दारूत नाही, टिपेत आहे. पाच जणींना मिळून रात्री १०,००० टीप धरली आणि बारचा वाटा ४० टक्के, तर बारला ४,००० मिळतात. दारूच्या २,५३८ च्या दीडपटीहून जास्त. वाटणी सगळीकडे सारखी नसते, कुठे निम्मी-निम्मी, कुठे सत्तर-तीस. पण बारचा वाटा असतोच. दोन्ही मिळून रात्रीला ६,५३८, महिन्याला १,६९,९८८. संगीतबारीत, म्हणजे लावणीच्या थिएटरांत, ज्याला दौलतजादा म्हणतात तीच ही रीत. तिथेही थिएटरमालकाचा वाटा आधी बाजूला निघतो आणि मग उरलेल्यातून पार्टीतल्या बाया, ढोलकीवाला, पेटीवाला यांचे हिस्से पडतात. फरक एवढा की तिथे ढोलकीवाल्याला टिपेत हिस्सा असतो. या बारमध्ये कीबोर्डवाला रोजंदारीवर आहे. हा फरक पुढे महागात पडतो.

टीप प्रत्यक्षात कशी फिरते ते पाहिल्याशिवाय वाटणी कळणार नाही. गिऱ्हाईक काउंटरवर पाचशेच्या नोटा देऊन दहाच्या नोटांची गड्डी घेतो. शंभर नोटा, एक हजार रुपये. नोटा उधळायच्या काळात त्या जमिनीवर पडत, पोऱ्या गोळा करी, मोजणी होऊन गड्डी पुन्हा काउंटरवर जाई आणि दुसऱ्या टेबलाला विकली जाई. रात्रभरात पाच-सहा गड्ड्यांवर पन्नास हजारांची उलाढाल निघे. त्यामुळे बाईच्या हातात नोट राहतच नसे. राही ती कॅशियरच्या चिठ्ठीवरची नोंद. आता टीप हातात किंवा वेटरमार्फत दिली जाते, पण चिठ्ठी तशीच आहे, आणि हिशेब रात्रीच्या रात्री होतोच असं नाही. आठवड्याने, कधी पंधरवड्याने होतो. मधल्या काळात बाईचे पैसे बार बिनव्याजी वापरतो. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत हे नीट उघडं पडलं : काउंटरच्या जुन्या पाचशे-हजारच्या नोटा निकामी झाल्या, आणि ज्यांचं येणं चिठ्ठीवर होतं त्यांना थांबायला सांगणं मालकाला सगळ्यात सोपं होतं.

क्यूआर कोडने हा प्रश्न सुटेल असं वाटणं साहजिक आहे. तो सुटत नाही. बारच्या कोडवर टीप आली की पैसे आधी बारच्या खात्यात जातात आणि बाईकडे पुन्हा चिठ्ठीच उरते. बाईच्या स्वतःच्या नंबरावर द्यायची तर तो नंबर गिऱ्हाइकाकडे जातो, जो तिला द्यायचा नसतो. आणि गिऱ्हाइकालाही घरी दिसणाऱ्या बँकेच्या पानावर बारचं नाव नको असतं. म्हणून रोकड.

आता एका बाईचा महिना. ती २४ रात्री येते. सरासरी टीप २,०००, तिचा वाटा ६० टक्के म्हणजे १,२००. रात्रीचा खर्च : केस आणि मेकअप १५०, वेटर, मेकअपवाली, दारवान यांना मिळून १००, जाणं-येणं २५०. परमिट रूम दीडला बंद होते, तोवर शेवटची लोकल गेलेली असते आणि मध्यरात्रीनंतर रिक्षाला २५ टक्के जादा भाडं पडतं. म्हणून चौघी मिळून गाडी ठरवतात, तरी २५० जातातच. हे ५०० वजा जाता रात्रीला ७००, महिन्याला १६,८००. मीरा रोड किंवा नालासोपाऱ्यात तिघींनी मिळून घेतलेल्या खोलीचं भाडं तिच्या वाट्याला ५,०००, कपड्यांना २,५००. हाती ९,३००. त्यात खाणं, औषधं, मुलाची फी आणि गावी पाठवायचे पैसे. तिच्या नावावर महिन्याला ४८,००० टीप जमते असं ऐकणाऱ्याला ती श्रीमंत वाटते. ४८,००० चे ९,३०० कसे होतात ते वर दिलं आहे.

पण सरासरी इथे फसवते. टीप रोज २,००० येत नाही. चोवीसपैकी वीस रात्री ती १,२०० च्या आसपास असते आणि चार रात्री ६,०००. त्या चार रात्री म्हणजे पगारानंतरचे शनिवार, कुणाचा सौदा झाल्याची पार्टी, ३१ डिसेंबर, गटारी. साध्या रात्री तिचा वाटा ७२०, खर्च ५००, हाती २२०. मोठ्या रात्री वाटा ३,६००, हाती ३,१००. महिन्याच्या १६,८०० पैकी १२,४०० चार रात्रींत येतात, आणि उरलेल्या वीस रात्री मिळून ४,४००.

मग त्या वीस रात्री ती येतेच कशाला? २२० रुपयांसाठी सात तास उभं राहण्यापेक्षा झोपलेली बरी. ती येते कारण न आल्यास जागा जाते. मंचावर पाच जागा, आणि बाहेर थांबलेल्या दहा जणी. मंगळवारी जी आली नाही तिला शनिवारी उभं राहायला मिळत नाही. वीस रात्री ती मोठ्या रात्रींच्या जागेचं भाडं भरत असते. बारचा ४० टक्के वाटाही खरं तर भाडंच आहे. त्याला कमिशन म्हणतात एवढंच. या धंद्याला रोजगार म्हणणारे आणि शोषण म्हणणारे दोघेही तिला नोकर धरून बोलतात. हिशेबात ती भाडेकरू आहे : मालाची गुंतवणूक तिची, रात्र रिकामी गेल्याचा तोटा तिचा, आणि भाडेकराराचा कागद नाही.

कागद म्हणाल तर २०१९ च्या निकालात लेखी करार आणि मोबदला बँक खात्यात जमा करण्याची अट टिकली होती. फक्त मोबदला मासिक पगारच असला पाहिजे ही सक्ती गेली. पण ती अट नाचाच्या परवान्याची. आणि करार केला तरी त्यावर लिहिला जाणारा आकडा छोटा असतो. पगाराची पावती नसल्याने बँक कर्ज देत नाही, आणि काय करता असं विचारणारा घरमालक उत्तर ऐकून जास्त डिपॉझिट मागतो. तिथे भिशी कामी येते. दहा जणी दरमहा ३,००० भरतात, ३०,००० ची उचल होते. चिठ्ठीच्या भिशीत नशिबाने नंबर लागतो. लिलावाच्या भिशीत जिला गरज आहे ती २५,००० वर तयार होते आणि सुटलेले ५,००० दहा जणींत ५००-५०० वाटले जातात. पहिल्या-दुसऱ्या महिन्यात अशी उचल घेणारी चांगलंच व्याज मोजत असते, पण सावकारापेक्षा ते परवडतं. भिशी बुडते ती फसवणुकीने कमी, धाडीने जास्त. सगळ्या एकाच बारच्या असल्या की एका रात्रीत दहाही जणींची कमाई थांबते. वेगवेगळ्या तीन-चार बारच्या बायकांची भिशी टिकते.

धाड म्हणजे काय, तेही आकड्यांत पाहू. पोलीस येतात, मंचावरची डोकी मोजतात, काउंटरची रोकड जप्त करतात, पंचनामा होतो, आणि परवाना काही दिवस निलंबित होऊ शकतो. दहा रात्री बार बंद राहिला तर मालकाचे ३,९६,००० चं दारूचं उत्पन्न आणि टिपेतला ४०,००० चा वाटा बुडतो. वादकांचे ३६,००० वाचतात. निव्वळ फटका ४ लाख, म्हणजे सव्वादोन महिन्यांहून जास्त नफा. वकिलाची फी वेगळी. बाईचं नुकसान दिसायला लहान असतं. त्या दहात मोठ्या रात्री दोन असल्या तर ७,९६० गेले. तिचं महिन्याचं खोलीभाडं ५,००० आहे. त्याखेरीज काउंटरमध्ये तिची न फेडलेली टीप असते. जप्त रोकड बारची म्हणून नोंदली जाते. तिची चिठ्ठी पंचनाम्यात येत नाही. हिशेब रोजच्या रोज हातात घेणं हा म्हणूनच या धंद्यातला पहिला नियम असायला हवा, आणि ज्या बारमध्ये तो पाळला जातो तिथे बाया वर्षानुवर्षं टिकतात.

इथे एक गोष्ट माहीत असावी. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला पोलीस अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. धाडी रात्रीच पडतात. तरी बायका घाबरून मागच्या दाराने पळतात, कारण भीती अटकेपेक्षा नावाची आणि फोटोची असते.

आता मूळ गाठ. आठांची मर्यादा ओलांडून जास्त बाया ठेवायचा मोह मालकाला का होतो? धाडीचा फटका ४ लाख असूनही?

एकूण टीप गिऱ्हाइकांच्या खिशावर ठरते, बायांच्या संख्येवर फारशी नाही. पाचच्या सात जणी झाल्या आणि टीप १०,००० च राहिली, तर प्रत्येकीला २,००० ऐवजी १,४२८ येतील. तिचा वाटा ८५७, खर्च ५००, हाती ३५७. ७०० चे जवळपास निम्मे. पण बारचे ४,००० तसेच राहतात, कारण त्याचा वाटा एकूणावर आहे आणि जादा बाईचा मेकअप, गाडी, कपडे यांचा खर्च तिचा तिने केलेला आहे. मालकाला जादा बाई फुकट पडते. शिवाय नवी बाई आपली दोन-चार ठरलेली गिऱ्हाइकं घेऊन येते, म्हणजे एकूण थोडं वाढलं तर नफाच. मग आठ मंचावर आणि उरलेल्या मेकअप रूममध्ये, अशी पाळी लागते. डिसेंबर २०२१ मध्ये अंधेरीतल्या एका बारमध्ये पोलिसांना मेकअप रूमच्या आरशामागे चोरखोली सापडली. आत १७ बायका कोंडून बसल्या होत्या. बातम्यांनी त्या आरशाचं आणि त्याच्या यंत्राचं फार कौतुक केलं. पण ती खोली बांधायला भाग पाडलं ते वाटणीच्या पद्धतीने. जादा माणसाचा खर्च शून्य असेल तर माणसं साठवायला जागा शोधली जातेच.

आणि हाच हिशेब कीबोर्डवाल्याच्या मुळावर येतो. चार पुरुषांच्या जागा राखीव होत्या तोवर वादकाला काढून त्याच्या जागी बाई उभी करता येत नव्हती. आता येते. दोन वादक काढले, पेन ड्राइव्हवर मायनस वन ट्रॅक, म्हणजे गायकाचा आवाज वगळून आधीच मुद्रित केलेली साथ, लावले, तर रात्रीचे २,४०० वाचतात. महिन्याला ६२,४००, म्हणजे दारूच्या महिन्याच्या नफ्याच्या आसपास. त्यांच्या दोन जागांवर दोन बाया आल्या की कायदा मोडत नाही, टीप निदान तेवढीच राहते आणि कदाचित वाढते. ती अट काढण्याची मागणी झाली होती ती बायांच्या संधीच्या मुद्द्यावर. तिचा पहिला तडाखा ऑक्टोपॅडवाल्याला, दुसरा आधीच्या पाच बायांना. निकाल चुकला असं यातून निघत नाही. एकूण आठांची मर्यादा तशीच ठेवून आतलं आरक्षण उठवलं तर आत ढकलाढकल होणारच. वादकाला संगीतबारीतल्यासारखा टिपेत हिस्सा असता तर त्याच्या असण्यानसण्यात कुणाचं तरी हित अडकलं असतं.

आठांची मर्यादा बायांच्या विरोधात आहे असं सरसकट म्हणणंही चूक आहे. जी मंचावर आहे तिला ती तारते, टीप कमी जणींत वाटली जाते. जी बाहेर आहे तिला ती मारते. २००५ च्या बंदीत हेच मोठ्या प्रमाणावर झालं होतं. सरकारी आकड्यानुसार तेव्हा राज्यात परवानाधारक डान्स बार ३४५ होते, आणि काम करणाऱ्या बायका ७५,००० असल्याचा दावा न्यायालयात मांडला गेला. बंदीनंतर जागा घटल्या, बायका घटल्या नाहीत. काही जणी सर्व्हिस बारमध्ये वेट्रेस झाल्या, काही ऑर्केस्ट्रात आल्या, काही दुबईला, काही गावी. ज्या शहरात राहिल्या त्यांच्यासाठी उरलेल्या प्रत्येक जागेचं भाडं वाढलं.

वाटणी बदलून पाहू. समजा बार प्रत्येकीला रात्री ५०० हजेरी भत्ता देतो, मेकअप-गाडीचा खर्च निघेल एवढा, आणि त्या बदल्यात टिपेतला वाटा ४० वरून ६५ टक्के करतो. बारचं उत्पन्न : ६,५०० वजा २,५००, पुन्हा ४,०००च. बाईला साध्या रात्री १,२०० चे ३५ टक्के ४२०, अधिक ५००, वजा खर्च ५००, हाती ४२०. मोठ्या रात्री २,१००. महिन्याला वीस वेळा ४२० आणि चार वेळा २,१००, मिळून १६,८००. एक पैसा कमी नाही, जास्त नाही. पण साधी रात्र २२० वरून ४२० वर गेली आणि मोठ्या रात्री धाड पडली तर नुकसान तिसऱ्या हिश्श्याने कमी. शिवाय जादा बाई आता मालकाला फुकट पडत नाही; सातजणींना भत्ता ३,५००. आरशामागे सतरा जणी बसवायच्या तर साडेआठ हजार. चोरखोलीचं अर्थशास्त्र तिथेच कोसळतं.

मग हे कुणी करत का नाही? मालक सांगेल की भत्ता दिला की ती कामगार झाली. उद्या ईएसआय आणि पीएफ मागेल, आणि धाडीत ‘ती आमची नाही, पाहुणी कलाकार आहे’ असं म्हणायची सोय जाईल. खरं कारण त्यात निम्मं आहे. उरलेलं निम्मं बायांकडेही आहे : ६५ टक्के बारचा म्हटल्यावर मोठ्या रात्रीची टीप कुणी काउंटरवरून जाऊ देईल का? ती बाहेर, गाडीत, दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या नंबरावर येईल. ६,००० पैकी निम्मी जरी चिठ्ठीबाहेर गेली तरी बारला त्या एका बाईमागे १,९५० चा फटका. मालकाला हे कळतं, म्हणून तो ४० वर समाधानी असतो. पन्नास टक्के आणि ३०० भत्ता असा मधला रस्ता निघतो : बारला ५,००० वजा १,५००, म्हणजे ३,५००. रात्रीला पाचशे कमी, पण चिठ्ठी बरीचशी खरी राहते. बाईला साध्या रात्री ४००, मोठ्या रात्री २,८००. ज्या मालकाला तीच पाच माणसं दोन वर्षं टिकवायची आहेत त्याने हा करून पाहावा. सहा महिन्यांत बार विकणाऱ्याने पाहू नये.

कसोटी श्रावणात लागते. गटारीची एक मोठी रात्र होते आणि मग महिनाभर गिऱ्हाईक आटतं. पुढे गणपतीतही तीच गत. चोवीसपैकी मोठी रात्र एकच धरली, तर जुन्या वाटणीत बाईला ८,१६० मिळतात. खोली आणि कपडे ७,५००. उरले ६६०, खायचं कशावर हा प्रश्न आहेच. मधल्या वाटणीत १२,०००. मालकाचंही बरं नसतं : गिऱ्हाईक १५ टक्क्यांनी घटलं तरी दारूत रात्रीला ३,४०२ चा तोटा जातो आणि टिपेचा घटलेला वाटा तो पुरता भरून काढत नाही. म्हणून भत्त्याची बोलणी श्रावणात काढू नयेत, दिवाळीनंतर काढावीत. आणि भिशी लावतानाच ठरवून घ्यावं की श्रावणातला हप्ता निम्मा, उरलेला दसऱ्याला. ६६० मधून ३,००० कुणीच भरणार नाही.